गूगलचा जमाखर्च : शोध कुणाचा, मोबदला कुणाचा?

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

जी वस्तू फुकट मिळते असे वाटते, तिचीही किंमत कुणीतरी मोजत असतेच, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षीच आपल्याला शिकविले जाते. आपल्यापैकी बहुतेक जण दिवसातून अनेक वेळा जी वस्तू अशी फुकट वापरतात, ती म्हणजे गूगल हे सर्च इंजिन होय. निबंधाचा विषय असो, एस. टी. चे वेळापत्रक असो की शिष्यवृत्तीचा अर्ज असो, प्रथम गूगललाच विचारले जाते. या कंपनीने गेल्या पंचवीस वर्षांत नवनवीन सोयी काढल्या, अनेक कंपन्या विकत घेतल्या आणि अलीकडे तर प्रश्नाचे उत्तर स्वतःच लिहून देण्यास सुरुवात केली. या सोयी आणि हे व्यवहार एकाच वहीच्या दोन बाजू आहेत. ती वही कशी वाचावी, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभ आणि एक इशारा

लॅरी पेज व सर्गेई ब्रिन हे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे संशोधक विद्यार्थी. इंटरनेटवरील असंख्य पानांतून उपयुक्त पान वर कसे आणावे, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. त्यांनी काढलेली युक्ती आपल्या अभ्यासाच्या जगातलीच आहे. एखाद्या ग्रंथाचा उल्लेख किती विद्वानांनी केला आणि ते विद्वान स्वतः किती मान्यवर, यावरून आपण त्या ग्रंथाचे महत्त्व ठरवितो. तद्वतच, एखाद्या पानाकडे इतर किती पाने बोट दाखवितात आणि त्या पानांचे स्वतःचे वजन किती, हे मोजून त्यांनी क्रम लावला. या पद्धतीला ‘पेजरँक’ असे नाव मिळाले. १९९८ च्या ऑगस्टमध्ये अँडी बेक्टोल्शाइम यांनी एक लाख डॉलरचा धनादेश दिला आणि सप्टेंबरमध्ये कंपनीची नोंदणी झाली. एकावर शंभर शून्ये या संख्येला ‘गूगोल’ म्हणतात. त्यावरूनच कंपनीचे नाव आले.

त्याच वर्षी या दोघांनी आपल्या यंत्राविषयी जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्याच्या एका परिशिष्टाकडे अभ्यासकांनी मुद्दाम लक्ष दिले पाहिजे. जे सर्च इंजिन जाहिरातींवर पोसले जाईल, ते स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल आणि शोध घेणाऱ्याच्या गरजेपासून दूर जाईल, अशा आशयाचा विचार त्यांनी तेथे मांडला होता. म्हणजे ज्या प्रश्नावर पुढे देशोदेशींची न्यायालये बसली, तो प्रश्न संस्थापकांनी कंपनीच्या जन्माच्या वर्षीच लिहून ठेवला होता.

जागेचा लिलाव

तथापि कंपनी चालवावयाची तर पैसा हवा. ऑक्टोबर २००० मध्ये गूगलने ‘ॲडवर्ड्स’ ही जाहिरातींची योजना सुरू केली. शोधाच्या शब्दांचा लिलाव करण्याची कल्पना गूगलची स्वतःची नव्हती. गोटू नावाच्या अमेरिकन कंपनीने १९९८ मध्येच ती अमलात आणली होती. गूगलने २००२ मध्ये तिला नवे वळण दिले. मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव पाहिलेल्यांना हे चटकन समजेल, मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. येथे केवळ सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला पहिली जागा मिळत नाही. लोक त्या जाहिरातीवर किती वेळा बोट ठेवतात हेही मोजले जाते आणि दोन्हींचा मेळ घालून क्रम लागतो. शिवाय जाहिरात नुसती दिसली म्हणून पैसे नाहीत. कुणी ती उघडली तरच पैसे. छोट्या दुकानदारालाही हा हिशेब परवडला आणि कंपनीची भरभराट झाली. १९ ऑगस्ट २००४ रोजी तिचे समभाग ८५ डॉलर दराने बाजारात आले.

हा ओघ पुढे केवढा वाढला, हे एका आकड्यावरून दिसते. गूगलची मूळ कंपनी अल्फाबेट हिचे २०२४ सालचे उत्पन्न सुमारे ३५० अब्ज डॉलर होते. त्यांपैकी सुमारे २६५ अब्ज डॉलर, म्हणजे दर चार डॉलरमागे तीन, गूगलच्या जाहिरातींचे होते. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर आपण गूगलचे ग्राहक नाही. ग्राहक जाहिरातदार आहे. आपले लक्ष हा बाजारात आलेला माल आहे.

सोयींचा क्रम

आता गूगलच्या सोयींचा क्रम पाहावा. आरंभीचे पान अगदी साधे होते. प्रश्न टाकावा, दहा दुवे मिळावेत आणि आपण पुढे निघून जावे. चांगला वाटाड्या प्रवाशाला फार वेळ थांबवून ठेवीत नाही, हेच तेव्हा त्याचे भूषण मानले जाई. २००८ मध्ये प्रश्न पुरा लिहिण्याआधीच तो सुचविण्याची सोय सर्वांना मिळाली. २०१२ मध्ये ‘नॉलेज ग्राफ’ आला; एखाद्या व्यक्तीचे नाव टाकले की तिचा जन्म, शिक्षण, ग्रंथ यांची चौकट पानाच्या कडेला दिसू लागली. त्यानंतर दुसऱ्याच्या संकेतस्थळावरील नेमका परिच्छेद उचलून सर्वांत वर दाखविण्याची पद्धत रूढ झाली.

यातील प्रत्येक सोय खरोखरच उपयोगी आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु त्यांची दिशा एकच आहे. प्रवासी पुढच्या गावी जाण्याऐवजी वाटाड्याच्याच ओसरीवर अधिकाधिक वेळ बसू लागला आणि ओसरीच्या भिंती तर जाहिरातींना भाड्याने दिलेल्या.

दरवाजे ताब्यात घेणे

व्यापारातील हालचालींतही हेच सूत्र आढळते. २००५ मध्ये गूगलने अँड्रॉइड ही लहानशी कंपनी घेतली, २००६ मध्ये यूट्यूब १६५ कोटी डॉलरला घेतले आणि २००८ मध्ये डबलक्लिक ही जाहिरात-व्यवहारातील कंपनी घेतली. त्याच वर्षी क्रोम हा स्वतःचा ब्राउझर काढला. वरवर पाहता या वस्तूंचा एकमेकींशी संबंध दिसत नाही. परंतु फोन, ब्राउझर आणि चित्रफितींचे भांडार ही सर्व इंटरनेटमध्ये शिरण्याची दारे आहेत. ज्याच्या हाती दार, त्याच्या हाती पहिला प्रश्न.

आपल्या देशातही हे दिसून आले. जानेवारी २०१६ मध्ये रेलटेलच्या सहकार्याने मुंबई सेंट्रल स्थानकावर मोफत वायफाय सुरू झाले. पुढे ती सोय चारशेहून अधिक स्थानकांवर पोहोचली आणि २०२० मध्ये गूगलने त्यातून अंग काढून घेण्याचे जाहीर केले. मधल्या काळात मोबाईलवरील इंटरनेट स्वस्त झाले होते. त्याच २०२० मध्ये गूगलने जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ३३,७३७ कोटी रुपये गुंतवून ७.७३ टक्के हिस्सा घेतला. स्थानकाचे दार मागे पडले, खिशातले दार महत्त्वाचे ठरले.

जे दार स्वतःचे नाही, त्यासाठी भाडे मोजले गेले. अमेरिकेतील खटल्यात उघड झाले की, फोनवर व ब्राउझरमध्ये आपलेच सर्च इंजिन आधीपासून बसविलेले असावे, यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर दिले.

न्यायालयांचे निर्णय

येथवर आल्यावर कायद्याचा प्रश्न उपस्थित होणे क्रमप्राप्त होते. युरोपीय आयोगाने २०१७ मध्ये गूगलला २४२ कोटी युरोचा दंड केला. शोधाच्या निकालात स्वतःच्या खरेदी-सेवेला झुकते माप दिल्याचा तो ठपका होता. भारताच्या स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधातील पक्षपाताबद्दल सुमारे १३६ कोटी रुपयांचा आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी निर्णय दिला की, गूगलने शोधाच्या क्षेत्रातील आपली मक्तेदारी बेकायदेशीर मार्गाने टिकविली. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये उपाय ठरविताना त्यांनी क्रोम विकण्यास सांगितले नाही; मात्र दुसऱ्याला वगळणारे करार करण्यास मनाई केली आणि काही माहिती प्रतिस्पर्ध्यांना देण्यास सांगितले.

हे उपाय तुलनेने सौम्य का राहिले? दरम्यान बाजारच बदलू लागला होता, हे त्याचे एक कारण. नोव्हेंबर २०२२ मध्ये ओपनएआय या कंपनीने चॅटजीपीटी आणले आणि लोक यंत्राशी बोलून उत्तरे मिळवू लागले. गूगलने फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘बार्ड’ जाहीर केले. त्याच्या पहिल्याच जाहिरातीत जेम्स वेब दुर्बिणीविषयी चुकीचे विधान निघाले आणि एका दिवसात अल्फाबेटचे बाजारमूल्य सुमारे १०० अब्ज डॉलरनी घसरले. पुढे बार्डचे नाव ‘जेमिनी’ झाले.

वाटाड्याच उत्तर देऊ लागला

मे २०२४ मध्ये अमेरिकेत ‘एआय ओव्हरव्ह्यू’ ही सोय सर्वांसाठी सुरू झाली. आता यंत्र अनेक पानांचा मजकूर वाचून स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहिते आणि ते सर्वांत वर येते. आरंभीच्या दिवसांतच या यंत्राने पिझ्झ्यावर चीज चिकटून राहावे म्हणून त्यात गोंद मिसळण्याचा सल्ला दिला. एका चर्चास्थळावरील जुना विनोद त्याने खरा मानला होता. पुढे सुधारणा झाल्या. परंतु उत्तर चुकीचे निघणे हा या प्रश्नाचा एकच भाग झाला. उत्तर बरोबर निघाले तरीही एक अडचण उरतेच.

ती अशी. यंत्र ज्या पानांवरून उत्तर तयार करते, ती पाने कुणीतरी मेहनतीने लिहिलेली असतात. वाचक तेथे गेला तर लेखकाला वाचक मिळतो, वृत्तपत्राला जाहिरात मिळते, पुढचे पान लिहिण्याची उमेद राहते. वाचक वरच्या वरच परतू लागला तर लिहिणाऱ्याने कशाच्या बळावर लिहावे? विहिरीवर पंप मोठा बसविला आणि झरे मात्र बुजू दिले, तर पाणी किती दिवस पुरेल, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही.

मराठीचा आणि आपला प्रश्न

हा प्रश्न मराठीच्या बाबतीत अधिक कठीण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे ८ कोटी ३० लाख लोक आहेत. गूगलच्या भाषांतर-सेवेत मराठी २०१३ मध्ये आली व कोकणी २०२२ मध्ये. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने एआय ओव्हरव्ह्यू मराठीतही आणण्याची घोषणा केली. म्हणजे सोयी आल्या; पण झरे किती? इंग्रजी विकिपीडियात सत्तर लाखांच्या घरात लेख आहेत, तर १ मे २००३ पासून चालत आलेल्या मराठी विकिपीडियात एक लाखाच्या आसपास. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर उपलब्ध आहे, ही भाग्याची गोष्ट. परंतु आपल्या तालुक्याचा इतिहास, आपल्याकडील बियाण्यांची नावे, आपल्या बोलीतील शब्द यांविषयी कुणी काही लिहिलेच नसेल, तर यंत्र ते कोठून आणणार? ते इंग्रजीतले काहीतरी मराठीत उलथवून देईल आणि आपल्याला ते खरे वाटेल.

ज्यांच्या घरातून पहिल्यांदाच कुणी महाविद्यालयात आले आहे, अशा आम्हा विद्यार्थ्यांना हा विषय केवळ तात्त्विक नाही. कोणता विषय घ्यावा, अर्जाची शेवटची तारीख कोणती, हे घरी विचारण्याची सोय नसते. आईवडील मायेने म्हणतात, “तुझं तूच बघ बाबा, आम्हाला त्यातलं काय कळतंय!” मग मोबाईल हाच वडीलधारा होतो. पण या वडीलधाऱ्याचा पगार दुसरा कुणी देतो, हे माहीत असावे. शिष्यवृत्तीचा अर्ज शोधताना सर्वांत वर दिसणारे पान सरकारीच असते असे नाही. तेथे ‘प्रायोजित’ असा बारीक शब्द असेल, तर ती भाड्याची जागा होय.

समारोप

गूगल वापरू नये, असे सुचविण्याचा येथे मुळीच हेतू नाही. ज्या गावात ग्रंथालय नाही, तेथे या यंत्राने जगाचे ग्रंथालय आणून ठेवले, हे ऋण मोठे आहे. मात्र कोणतीही नवी सोय आली की तीन प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी. ही माहिती मुळात कुणी लिहिली? ही जागा कुणी विकत घेतली आहे काय? आणि मूळ पान उघडून वाचण्यास मला किती वेळ लागेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘पाच मिनिटे’ असेच निघेल.

वही वाचणाऱ्याने जमेची बाजूही पाहावी. आपल्या महाविद्यालयात प्रकल्पासाठी दरवर्षी कितीतरी विद्यार्थी गावोगाव हिंडून माहिती गोळा करतात आणि परीक्षा झाली की ती माहिती कपाटात जाते. तिच्यातील निवडक भाग, प्राध्यापकांकडून तपासून घेऊन, मराठीत सर्वांना वाचता येईल असा प्रसिद्ध केला, तर पुढच्या वर्षी कुणी आपल्या तालुक्याविषयी काही शोधील तेव्हा त्याला आपल्याच माणसांनी लिहिलेले सापडेल. मराठी विभाग व अर्थशास्त्र विभाग यांनी या कामी पुढाकार घ्यावा, अशी नम्र सूचना करून हा लेख पुरा करतो.