जोडधंदा : परसातल्या कोंबड्या आणि मांजराचा उपद्रव



उसाचे बिल वर्षातून एकदोनदाच हाती पडते. रोजचा मीठमिरचीचा खर्च मात्र पुष्कळ घरी अजून अंड्यांवर चालतो, आणि हा पैसा बहुधा घरच्या लक्ष्मीच्या हातचा असतो. त्यामुळे सकाळी खुराडे उघडून पिल्ले मोजावीत आणि दोन कमी भरावीत, की त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज जरा मोठाच येतो. दोष मांजरावर जातो. मग कोणी काठी शोधतो, कोणी पोते, तर कोणी औषधाची पुडी.

गेल्या पावसाळ्यात आमच्याच वस्तीवर हे घडले. खुडूक कोंबडी बारा अंड्यांवर बसवली होती. एकविसाव्या दिवशी अकरा पिल्ले निघाली आणि पुढच्या पंधरा दिवसांत त्यातली सात नाहीशी झाली. एक करड्या रंगाचा बोका गोठ्याच्या पत्र्यावर टपून बसलेला आम्ही डोळ्यांनी पाहिला होता, तेव्हा शंकेला जागाच नव्हती. शेजारच्या वस्तीवरही तोच त्रास. तिथे एकाने वैतागून मासळीच्या तुकड्यांत उंदराचे औषध भरून ठेवले. दोन मांजरे मेली, त्यातले एक पाजते होते; त्याची पिल्ले कडब्याच्या गंजीत दोन दिवस ओरडत होती. त्याच तुकड्यांना चोच लावून त्याच्या स्वतःच्या तीन कोंबड्याही गेल्या. कोंबडी काय, दिसेल ते टोचणार! उसात उंदरासाठी वापरतो ते झिंक फॉस्फाईड पोटात गेले की तिथल्या आम्लाशी मिळून विषारी वायू तयार होतो. त्यावर नेमका उतारा नाही. घरात रांगते मूल असेल तर पुढचे बोलायलाच नको.

आमच्या आईने वेगळी युक्ती सांगितली. "आधी चोर कोण ते तर बघा," म्हणाली. चुलीची राख चाळून तिने खुराड्याभोवती हातभर रुंद पसरायला लावली. सकाळी पाहतो तर समोरच्या बाजूला चार बोटांचे गोल ठसे, नखांची खूण नाही. हे मांजराचे, कारण मांजर चालताना नखे आत ओढून घेते. कुत्र्याच्या ठशात नखे उमटतात. पण मागच्या कोपऱ्यात लांब बोटांचे, नखे उमटलेले लहान ठसे होते आणि तिथेच ताजी उकरलेली माती. कुदळीने बीळ उकरले तर घुशीच्या बिळात पिल्लांचे पंख आणि पाय निघाले. सातपैकी बोक्याने किती नेली आणि घुशीने किती, हे आता सांगणे कठीण. पण मांजर मारून घुशीचा बंदोबस्त झाला नसता, उलट उंदीर-घुशींना रान मोकळे झाले असते.

दिवसाढवळ्या कोंबडी मानेपाशी चावलेली सापडली किंवा अंडी फोडलेली दिसली, तर मुंगसाचा संशय धरावा. मांजर सहसा अंड्याच्या वाटेला जात नाही, आणि अंगाने भरलेल्या कोंबडीवरही क्वचितच जाते. त्याचा डोळा असतो तो पिल्लांवर आणि लहान तलंगांवर, त्यातही दिवेलागणीला आणि पहाटे. याच वेळा नेमक्या आपल्या गाफीलपणाच्या. अंधारात कोंबडीला जवळजवळ दिसत नाही. ती जागची हलत नाही आणि आयती सापडते.

म्हणून सगळा भार खुराड्यावर. दहा कोंबड्यांना चार फूट बाय पाच फूट जागा रात्रीपुरती पुरते. खुराडे जमिनीपासून दीड-दोन फूट उंच पायांवर घ्यावे, म्हणजे खालून घूस उकरत नाही आणि ओलही धरत नाही. जाळीत मात्र बहुतेकांची फसगत होते. बाजारात कोंबडीची म्हणून मिळणारी षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, मांजराच्या पंजाला बाहेर ठेवत नाही. इंचभर भोकातून पंजा घालून मांजर पिल्लू ओढते. तेव्हा निदान खालचे दोन फूट तरी अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी लावावी. ती महाग पडते हे खरे, पण चार तलंगांच्या किमतीशी हिशेब करून पाहावा. बसायची दांडी जाळीपासून वीतभर आत घ्यावी. वरचे छप्पर उघडे ठेवू नये, कारण मांजराला चढायला कुडाचा आधारही पुरतो. खुराडे जमिनीवरच असेल तर जाळीची दीड फुटाची पट्टी बाहेरच्या अंगाला जमिनीवर आडवी अंथरून तिच्यावर दगड-माती टाकावी. उकरणारा प्राणी भिंतीलगत उकरतो, पट्टीपलीकडे मागे सरकून उकरण्याची अक्कल त्याला सहसा सुचत नाही.

आणि दार! सुतळीने बांधलेले दार म्हणजे दार नव्हे. कडी घालून तिच्यात खिळा अडकवावा. दिवस मावळायच्या आत कोंबड्या मोजून दार लावायचे, हे काम घरातल्या एकाच माणसाकडे असावे. दोघांकडे दिले की दोघेही दुसऱ्यावर टाकतात, हा आमच्या घरचा अनुभव.

पिल्लांसाठी डालगे पालथे घालून वर दगड ठेवण्याची जुनी रीत दिवसा, माणूस जवळ असताना ठीक आहे. मोठा बोका हलके डालगे सरकवतो. त्याऐवजी सहा फूट बाय तीन फुटांची, दोन फूट उंचीची, बुडाशिवायची जाळीची पेटी करावी. रोज जागा बदलली की पिल्लांना किडेमुंगी मिळते आणि घाणही साचत नाही. रात्री मात्र पिल्ले खुराड्यातच घ्यावीत. सहा ते आठ आठवडे पिल्ले मोकळी सोडू नयेत. वनराज, गिरिराज यांसारख्या सुधारित जातींची एक दिवसाची पिल्ले आपण आणतो, त्यांना आई नसते. गावरान कोंबडी मांजराच्या तोंडावर झेप घेते. या पोरक्या पिल्लांसाठी ते कोण करणार? खुडूक गावरान कोंबडीखाली रात्रीच्या वेळी हळूच सरकवली तर पुष्कळदा ती आपली म्हणून सांभाळते.

मांजर मुळात आपल्या परड्यात येते कशाला, हेही पाहावे. मासळीची डोकी, आतडी, मेलेले पिल्लू उकिरड्यावर टाकले की आपणच त्याला चटक लावतो. हे सगळे दोन फूट खोल पुरावे. याला आता आणखी एक कारण आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथे तीन वाघ व एक बिबट्या बर्ड फ्लूने मेले आणि जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला पाळीव मांजरांत तोच रोग आढळला. एकाएकी मर लागली तर मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये आणि पशुवैद्यकाला कळवावे. तसे पाहिले तर मांजरापेक्षा मानमोडीनेच आपल्या कोंबड्या जास्त जातात. लस मात्र वेळेवर टोचली जात नाही, तो विषय वेगळा.

गाळप हंगाम संपला की तोडणी मजुरांच्या कोप्या उठतात आणि तिथल्या उष्ट्या-खरकट्यावर जगलेली मांजरे उपाशी राहून वस्त्यांकडे वळतात. ही काही त्या मंडळींची चूक नव्हे. पण एप्रिल-मेमध्ये खुराड्याकडे जास्त लक्ष हवे, ते यासाठी.

पोत्यात घालून मांजर नदीपल्याड सोडणे हा आपल्याकडचा आवडता उपाय. पुष्कळदा ते आपल्या आधी घरी पोचते! नाही आले तरी रिकाम्या जागेत दुसरे येते. सोन्याचे मांजर काशीला वाहावे लागते, या समजुतीने जुनी माणसे मांजर मारीत नसत. आज कायदाही तेच सांगतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने विष घालणे आणि उपासमार होईल असे सोडून देणे हे गुन्हे आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली जनावर मारल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

फिनेल शिंपडणे, मिरचीची पूड टाकणे हेही करू नये. फिनेल मांजराला विषारी आहे. बादलीभर पाणी अंगावर टाकले तर ते चार दिवस फिरकत नाही, इजाही होत नाही. मांजर साधारण नऊ आठवड्यांत विते आणि वर्षातून दोन-तीन वेळा विऊ शकते, म्हणून खरा उपाय नसबंदीचा. पिंजऱ्यात मासळीचा तुकडा ठेवून धरावे, वर पोते टाकावे म्हणजे घाबरत नाही, आणि सोय असेल त्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. चार वस्त्यांनी मिळून केले तर एका पिंजऱ्यात भागते.

मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकली. इंग्लंडमधील एक्झेटर विद्यापीठाने २०२१ साली पाळीव मांजरांवर हे खरोखर करून पाहिले. घंटेने शिकारीत फरक पडला नाही. मांसाचे प्रमाण जास्त असलेले खाणे दिल्यावर मात्र घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी कमी झाली. तेव्हा घरच्या मांजराला नुसत्या ताकभातावर ठेवू नये.

आमची उरलेली चार पिल्ले जगली. त्यातल्या तीन तलंगा आता अंड्यावर आल्या आहेत, चौथा कोंबडा निघाला. करडा बोका अजून पत्र्यावर बसतो, पण अलीकडे त्याचे तोंड घुशीच्या बिळाकडे असते.