डिस्कवरील मोजदाद

भोसरी, चिंचवड किंवा चाकण येथील एखाद्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेलात तर दोन गोष्टी दिसतील : रॅकवरचा माल आणि त्याची नोंदवही. वहीत बेअरिंगचे ४० नग आणि रॅकवर ३८ भरले, तर कोठेतरी चूक आहे हे उघड होते. म्हणून ठरावीक काळाने मोजदाद करतात. संगणकाच्या डिस्कचीही अशीच मोजदाद असते. ती कशी, हे आपण पाहू.

डिस्कवरील जागा सारख्या आकाराच्या कप्प्यांत विभागलेली असते. या कप्प्यांना ब्लॉक म्हणतात. त्यांचा हिशेब तीन ठिकाणी असतो : (१) फाईलींच्या नावांची यादी, (२) प्रत्येक फाईलीचे ब्लॉक सांगणारे कार्ड, युनिक्समध्ये याला आयनोड म्हणतात, (३) रिकाम्या ब्लॉकांची यादी.

फाईल वाढून नवा ब्लॉक लागला, की त्यात मजकूर लिहिणे, त्याचा क्रमांक कार्डावर चढवणे आणि तो रिकाम्या यादीतून काढणे, अशी तीन कामे होतात. ती एका क्षणात होत नाहीत. मध्येच वीज गेली तर हिशेब अर्धवट राहतो. कारखान्यात तर मोठी मोटर सुरू होताच व्होल्टेज खाली येते; शिवाय उष्णता, धूळ, हादरे आणि सैल केबल आहेतच.

आता हे उदाहरण सोडवा. डिस्कवर ८ ब्लॉक आहेत.

'हजेरी'चे कार्ड : १, २, ५
'पगार'चे कार्ड : ३, ५
रिकामे : ४, ६, ८

प्रत्येक क्रमांक नेमका एकदाच यायला हवा. येथे ५ दोनदा आला आणि ७ कोठेच नाही. सत्तरच्या दशकात बेल प्रयोगशाळेत युनिक्ससाठी तयार झालेला 'एफएससीके' हा प्रोग्राम हीच मोजणी करतो. ७ हा ब्लॉक तो रिकाम्या यादीत घालतो. एखाद्या कार्डाला नावच उरले नसेल, तर ते 'सापडलेल्या वस्तूं'च्या वेगळ्या कप्प्यात ठेवतो. पण ५ क्रमांकाचा खरा मालक कोण, हे केवळ मोजणीवरून कळत नाही.

आणखी एक मर्यादा ध्यानात घ्या. संगणकाच्या आस्की संकेतात १ म्हणजे ०११०००१ आणि ९ म्हणजे ०१११००१. फरक एकाच बिटाचा! सदोष मेमरीने तो बिट उलटवला, तर ९५०० रुपये पगाराचे १५०० होतील. तरीही ब्लॉकांची मोजदाद बिनचूक जुळेल. मजकुरातील चूक पकडायला ताळ्याची बेरीज वेगळी ठेवावी लागते.

यंत्रच भरवशाचे नसेल तर दुरुस्तीची घाई घातक ठरते. मेमरी चुकीचे वाचत असेल, तर तपासणारा प्रोग्राम चांगली नोंदही 'सुधारून' बिघडवील. म्हणून क्रम असा ठेवावा : प्रथम काहीही न लिहिता फक्त तपासणी, मग डिस्कची प्रत, मग सदोष भाग बदलणे, शेवटी दुरुस्ती. दुरुस्तीच्या वेळी ती डिस्क वापरात नसावी. या पट्ट्यातील अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. अशा कामाला तो दिवस उत्तम.

२००१ साली लिनक्समध्ये आलेल्या 'ईएक्सटी३' या पद्धतीत करायचे बदल आधी रोजकीर्दीसारखे टिपून ठेवतात. वीज गेल्यास ती कीर्द वाचून हिशेब लगेच पुरा होतो. पण कीर्द ठेवल्याने झिजलेली डिस्क नवी होत नाही. मोजदाद आणि दुसरी प्रत यांची गरज उरतेच.

करून पाहा : बिस्किटांच्या पुड्यावरील १३ अंकी बारकोड घ्या. डावीकडून विषम स्थानांच्या अंकांची बेरीज करा. सम स्थानांच्या अंकांची बेरीज करून तिला ३ ने गुणा. दोन्ही मिळवून येणाऱ्या संख्येला १० ने भाग जातो का? आता एक अंक बदलून पुन्हा करा. मग शेजारचे दोन अंक आपसांत बदला. अशी प्रत्येक चूक पकडली जाते का? ५ आणि ० शेजारी असतील तर काय होईल?