सिनेमाचे कोडे

कोडी घालणे ही आपली जुनी रीत. हल्ली सिनेमाचे शौकीन मोबाइलवर एकमेकांना कोडी घालतात. हे एक पाहा : "रामही तोच, सीताही तोच. सांगा कोण?"

चौघे मिळून सोडवू या. एक म्हणेल, ही गोष्ट रामायणाची. दुसरा म्हणेल, पुरुष सीता झाला, म्हणजे सिनेमा फार जुना. तिसऱ्याला आठवेल, दादासाहेब फाळक्यांचा 'लंकादहन', साल १९१७. चौथा नाव सांगेल, अण्णा साळुंके.

असे का बरे? बाईने सिनेमात काम करणे तेव्हा लोक कमीपणाचे मानीत. तरी १९१३ सालीच दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला यांनी फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये काम केले. केवढे हे धाडस!

आता हे कोडे घरी घाला. उत्तराबरोबर 'असे का?' हेही सांगा.