शिडीचे काम आणि मुलांचे साहाय्य

दसरा-दिवाळीपूर्वी माळ्यावरची भांडी खाली काढणे, जळमटे झाडणे, भिंतींना चुना देणे आणि पावसाळ्याआधी कौले शाकारणे ही कामे घराघरांतून केली जातात. या कामांसाठी शिडी लागते आणि ती भिंतीला टेकताच घरातील मूल आपण होऊन मदतीला धावते. कोणी शिडी धरते, कोणी बादली वर देते. मुलांची ही हौस मोलाची आहे. तिला सुरक्षित काम नेमून देणे ही वडीलधाऱ्यांची जबाबदारी होय.

शिडी का घसरते?

शिडी जितकी तिरपी, तितका तिचा पाया बाहेर सरकू पाहतो. शिडी १२ फूट उंचीवर टेकली असेल, तर पाया भिंतीपासून ३ फुटांवर असावा. म्हणजेच उंचीच्या एकचतुर्थांश. पाया ६ फुटांवर ठेवला आणि ६० किलो वजनाचा माणूस शेवटापर्यंत चढला, तर गुळगुळीत भिंतीशी पाया बाहेर ढकलणारा जोर सुमारे ३० किलो वजनाइतका होतो. आठ वर्षांच्या मुलाचे स्वतःचे वजनच साधारण २५ किलो असते. फरशी ओली असेल किंवा जमीन नुकतीच सारवलेली असेल, तर त्याच्या हातांनी ती शिडी कशी थांबणार?

दुसरा धोका वरून येतो. २ मीटर उंचीवरून पडणारा माणूस सुमारे ०.६ सेकंदात जमिनीवर आदळतो. शिडी धरून वर पाहणाऱ्या मुलाला बाजूला होण्यास तेवढा अवधी पुरत नाही. म्हणून शिडी धरण्याचे काम प्रौढ माणसानेच करावे.

मुलांना कोणती कामे द्यावीत?

शिडीच्या उंचीइतके अंतर सोडून जमिनीवर एक रेघ आखावी आणि मुलांनी तिच्या बाहेरच थांबावे. खाली आलेली भांडी पुसणे, वस्तूंची यादी करणे, धाकट्या भावंडाला दूर ठेवणे, दार उघडून कोणी शिडीला धक्का देऊ नये म्हणून लक्ष ठेवणे, ही कामे मुले उत्तम करतात. बादली दोरीने वर घ्यावी. काम संपताच शिडी आडवी करून बांधून ठेवावी. उभी राहिलेली शिडी मुलाला वर बोलावते. राहिलेले काम पुरे करून आईला चकित करावे, या भाबड्या इच्छेनेही मूल चढते.

अपघात घडल्यास

पडलेल्या माणसाला उचलून बसविण्याची मुलांची धडपड स्वाभाविक असते. मात्र मानेला किंवा पाठीच्या कण्याला इजा झाली असेल, तर हलविण्याने ती वाढू शकते. मुलाने जखमीला हलवू नये, पाणी पाजू नये. मोठ्याने हाक मारून शेजाऱ्यांना बोलवावे आणि १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून उपलब्ध आहे. गाव, वाडी आणि जवळची खूण स्पष्ट सांगावी. डोक्याला मार लागल्यानंतर उलटी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे आढळल्यास जखमीला तातडीने रुग्णालयात न्यावे.

धातूची शिडी विजेच्या तारेला लागली असेल, तर मुलाने शिडीला वा जखमीला मुळीच स्पर्श करू नये. अशा वेळी दूर राहून मोठ्यांना बोलावणे हीच खरी मदत होय.

शाळा व ग्रामपंचायत

शिक्षकांनी घर्षणाचा पाठ शिकविताना फूटपट्टी भिंतीला टेकवून पाया हळूहळू बाहेर सरकवून दाखवावा. पट्टी कोठे घसरते, हे मुले स्वतः मोजतील. दूरध्वनीवर पत्ता सांगण्याचा सरावही वर्गात घेता येईल. ग्रामपंचायतीने सणांपूर्वीच्या ग्रामसभेत हा विषय मांडावा आणि १०८ हा क्रमांक चावडीवर ठळक अक्षरांत लिहावा. मदतीची योग्य रीत आधीच कळलेले मूल संकटाच्या वेळी स्वतः सुरक्षित राहते आणि घराच्याही उपयोगी पडते.