ओट्यामागच्या दोन फुटांचा हिशोब

“ताई, भीतच वाकडी हाये, तं टाइल सरळ कशी बसन?” मिस्त्रीने ओळंबा सोडला आणि मला जवळ बोलावून दाखवलं. दोरी आणि भिंत यांच्यात वर काहीच फट नव्हती, खाली ओट्याजवळ चांगली अर्धा इंच होती. तोवर माझी वाशिममधली तीन दुकानं फिरून झाली होती, रंग ठरला होता, टाइलची खोकी घरात येऊन पडली होती. भिंतीकडे मात्र एकदाही नीट पाहिलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या कामात माझा सगळ्यात जास्त पैसा आणि मनस्ताप त्या अर्ध्या इंचात गेला. म्हणून हा हिशोब मी टाइलपासून सुरू न करता भिंतीपासून सुरू करते.

आपल्याकडे नेहमी दिसणारा इंग्रजी ‘एल’ आकाराचा ओटा घेऊ. एक बाजू 10 फूट, दुसरी 6 फूट, म्हणजे 16 रनिंग फूट. त्यामागे 2 फूट उंच टाइल लावायची तर 32 चौरस फूट झाले. कटिंग आणि तूटफूट यांसाठी दहा टक्के जास्त धरा, 35 चौरस फूट. आता खर्च. पुढचे आकडे हे मी धरलेले अंदाज आहेत. गावागणिक आणि हंगामागणिक ते कमीजास्त होतील, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण बघण्यासारखं आहे.

टाइल 45 रुपये फुटाने 1,575 रुपये. चिकटवायच्या मसाल्याची 20 किलोची एक गोणी 450. सांधे भरायला एक किलो इपॉक्सी ग्राउट 500. मिस्त्री आणि मजूर यांची जोडी दिवसाला 1,400 धरली, तर टाइल बसवायचे दोन दिवस 2,800. जुन्या टाइल फोडून नवा गिलावा करायचे आणखी दोन दिवस, तेही 2,800. सिमेंट-रेतीचे 700, मलबा उचलून न्यायचे 600, आणि मिक्सरचा विजेचा पॉइंट सरकवायचे 1,500. बेरीज 10,925.

या अकरा हजारांत टाइलचा वाटा फक्त सातवा आहे. टाइल दुप्पट भावाची, 90 रुपये फुटाची घेतली, तरी एकूण खर्च साडेबारा हजारांवर जाऊन थांबतो. म्हणून फुटामागे पाच रुपये वाचवायला अकोल्याला जाऊ नका. वाशिमहून सुमारे 80 किलोमीटरवरून पाच-सहा खोकी आणायचं भाडं त्या बचतीहून जास्त होतं. आख्ख्या घराची फरशी घ्यायची असेल तर गोष्ट वेगळी. दुकानदाराला एवढं मात्र जरूर विचारा, की भाव जीएसटीसकट आहे का. टाइलवर 18 टक्के कर आहे, आणि तो नंतर वर लावला की 45 चे 53 होतात.

छोट्या कामाचं आणखी एक सत्य सांगायला हवं. 32 चौरस फुटांसाठी कोणताही चांगला मिस्त्री फुटाच्या दराने येत नाही. तो रोजी मागतो, आणि ते रास्त आहे. कोपरे, नळाची भोकं, स्विच बोर्डाच्या चौकटी, सगळी कटिंग या लहान कामातच असते. फुटाच्या दरावर अडून बसलात तर तो घाई करेल.

आकार निवडताना थोडं डोकं चालवलं तर माल वाचतो. 12 बाय 18 ची टाइल उभी लावली, तर दोन फुटांसाठी एक अख्खी टाइल आणि वर सहा इंचांची पट्टी लागते. त्या पट्ट्या कापताना माल वाया जातो आणि डोळ्यांसमोर एक नकोसा सांधा येतो. तीच टाइल आडवी लावली तर 12 इंचांच्या बरोबर दोन ओळी होतात. 12 बाय 24 ची उभी लावली तर एकाच टाइलमध्ये काम होतं आणि आडवा सांधाच उरत नाही. आणि 12 बाय 18 हे बोलण्यापुरतं आहे. खोक्यावर 300 बाय 450 मिलिमीटर लिहिलेलं असतं आणि ते दीड फुटाहून थोडं कमी भरतं. नग मोजताना खोक्यावरचं माप धरा.

आता पसंतीबद्दल. गॅसमागे गुळगुळीत, चकचकीत सिरॅमिक टाइल हीच मला सगळ्यात योग्य वाटते. उठावाची किंवा खडबडीत टाइल दुकानात दिव्याखाली सुंदर दिसते, पण तिच्या खाचांत फोडणीचं तेल आणि हळद बसली की ब्रशनेही निघत नाही. गर्द काळी चकचकीत टाइलही टाळा. ज्यांच्याकडे बोअरचं जड पाणी येतं, त्यांच्या सिंकमागे महिन्याभरात पांढऱ्या क्षारांचे ओघळ उमटतात. फिकट राखाडी किंवा बदामी रंग तेल आणि क्षार दोन्ही सांभाळून घेतो. संगमरवर घेऊ नका. लिंबू आणि चिंच त्याला खातात, ते डाग पुसून जात नाहीत. ग्रॅनाइट उत्तम. ओट्याचा ग्रॅनाइट कापून उरलेले तुकडे असतील तर निदान चार इंचांची पट्टी ओट्यालगत त्यातच करून घ्या, पाणी सांध्यात शिरत नाही. दुकानदार ‘लाइट, डार्क, हायलाइटर’ असा संच दाखवतात. कपबशी किंवा फळांचं चित्र असलेली हायलाइटर टाइल बहुधा नगावर विकली जाते, फुटावर नाही. तिचा भाव वेगळा विचारा. प्लास्टिकचे चिकट कागद गॅसमागे लावू नका, ते जळतात.

हळदीचा डाग टाइलवर राहत नाही, सांध्यात राहतो. पांढऱ्या सिमेंटने सांधे भरले तर वर्षभरात ते पिवळे पडतात. म्हणून निदान गॅस आणि सिंक यांच्या मागे इपॉक्सी ग्राउट वापरा. ते ओलं असतानाच टाइलवरून पुसून घ्यायला सांगा, वाळल्यावर ते सुटत नाही.

हातात पैसे कमी असतील तर सगळी भिंत झाकायची गरज नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलासाठी सपाट भागात 1 लाख 20 हजार रुपये मिळतात, आणि किमान 25 चौरस मीटरच्या त्या घरात स्वयंपाकाची स्वच्छ जागा धरलेली आहे. अशा घरात गॅसमागे 4 फूट रुंद आणि 2 फूट उंच, म्हणजे 8 चौरस फूट टाइल आणि बाकी भिंतीला ऑइल पेंट, एवढं पुरतं. शेजारी चूलही पेटत असेल तर तिची थेट धग टाइलला लागू देऊ नका, टाइल तडकते.

भिंत आधी वाचा

आपल्या जिल्ह्यात बरीच घरं काळ्या मातीवर उभी आहेत. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, तिच्याबरोबर पायाही हलतो. भिंतीतली भेग मे महिन्यात रुंद आणि भादव्यात बारीक होत असेल, तर ती जिवंत भेग आहे. तिच्यावर टाइल लावली तर टाइल फुटेल. मिस्त्री कितीही चांगला असो, त्याच्या हातात ते नाही. आधी भेगेचा इलाज करा. मागे न्हाणी असेल आणि भिंतीला लोणा धरला असेल तर ओल कुठून येते ते आधी शोधा.

जुनी टाइल पक्की असेल तर ती न फोडता वरच नवी लावता येते. नाण्याने प्रत्येक टाइल ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर ती काढायलाच हवी. यात फोडाफोडीचे दिवस वाचतात, पण भिंत अर्धा इंच पुढे येते आणि स्विच बोर्ड आत जातात. मसाला जुन्या टाइलवर चालणारा आहे असं गोणीवर लिहिलेलं असायला हवं. साध्या सिरॅमिक टाइलची पाठ 10 टक्क्यांहून जास्त पाणी पिते, म्हणून ती भिजवून सिमेंटवर बसते. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पाणी पीत नाही. ती भिंतीवर नुसत्या सिमेंटने धरत नाही, तिला चिकटवायचा मसालाच लागतो.

मनस्ताप कुठून येतो

“चार दिवसांत होऊन जाईन,” असं मिस्त्री सांगतो आणि आपण पाचव्या दिवशी पाहुणे बोलावतो. खरा हिशोब असा आहे: फोडायला एक दिवस, गिलाव्याला एक, गिलाव्यावर पाणी मारायचे सात, टाइल बसवायचे दोन, मग एक दिवस थांबून ग्राउट, आणि ते वाळायला आणखी एक दिवस. दोन आठवडे धरून चाला. आमच्याकडे गिलाव्यानंतर मिस्त्री स्लॅबच्या कामाला निघून गेला आणि दहा दिवस फिरकला नाही. मी चिडले, फोन करत राहिले. खरं तर मी त्याला अर्ध्याहून जास्त पैसे आधीच देऊन बसले होते. आता मी टप्पे पाडते: काम सुरू होताना चौथा हिस्सा, गिलावा झाल्यावर चौथा, टाइल बसल्यावर चौथा, आणि शेवटचा हिस्सा सगळ्या टाइल नाण्याने ठोकून पाहिल्यावर. हे सगळं वहीच्या एका पानावर दोघांच्या सहीने लिहावं. मलबा कोण उचलणार, फुटलेली टाइल कोणाच्या खात्यात, हेही त्याच पानावर.

वेळ कोणती निवडावी? सोयाबीनचे पैसे हातात आले की दिवाळीआधी सगळ्यांनाच मिस्त्री हवा असतो. एप्रिल-मेमध्ये लग्नसराई असते आणि गिलाव्यावर मारायला पाणी नसतं. माझ्या मते पौष महिना सगळ्यात चांगला. लग्नं नसतात, विहिरीला पाणी असतं, ऊन सौम्य असतं, आणि ही दुरुस्ती आहे, नवं घर बांधणं नव्हे, म्हणून मुहूर्ताची अडचणही येत नाही.

त्या दोन आठवड्यांत गॅस ओसरीत किंवा पडवीत हलवाल, तेव्हा सिलिंडर उभाच ठेवा आणि शेगडी त्याच्याहून उंचावर. नळी पाच वर्षांची झाली असेल तर याच वेळी बदला.

माझी सगळ्यात मोठी चूक रंगाच्या छटेची. तीन टाइल कमी पडल्या, महिन्याभराने त्याच नावाचं एक खोकं आणलं, आणि सिंकमागचा तुकडा आजही वेगळा दिसतो. प्रत्येक खोक्यावर शेड नंबर आणि बॅच छापलेली असते. गाडीतून उतरवतानाच सगळी खोकी ताडून पाहा. प्रीमियम, स्टँडर्ड, कमर्शियल यांपैकी काय लिहिलं आहे तेही बघा. भाव प्रीमियमचा आणि माल स्टँडर्डचा, असं होऊ शकतं.

माल खराब निघाला किंवा काम बिघडलं तर आधी फोटो काढून दुकानदाराला किंवा मिस्त्रीला लेखी कळवा. त्यातून काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, तिथे मराठीत बोलता येतं. त्याच्या पुढे वाशिमचा जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मग माल अकोल्याहून आणलेला असला तरी. मोबदला पाच लाखांपर्यंतचा असेल तर तक्रारीला फी नाही. मुदत दोन वर्षांची. पण जीएसटीचं पक्कं बिल नसेल तर माल कुठून घेतला हे सिद्ध करतानाच दमछाक होते. कच्च्या चिठ्ठीवर शे-दोनशे वाचवू नका.

आणि एक खोकं जास्त घ्या. वर्षभराने ती डिझाइन बाजारात मिळेलच असं नाही. उरलेल्या टाइल त्याच खोक्यात ठेवा, बिलाची झेरॉक्स आत टाका, वर मार्करने ‘स्वयंपाकघर’ आणि तारीख लिहा, आणि माळ्यावर ठेवताना घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, की हे खोकं भंगारवाल्याला द्यायचं नाही.