फिरतीवरची सोलर प्लेट

दसरा-दिवाळी झाली की बीड, पाथर्डी, जत या भागांतली कितीतरी घरे कुलूपबंद होतात. बिऱ्हाड टायरगाडीवर नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढते. भांडी, धान्य, कोंबड्या, लेकरे, सारे त्यातच. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे जातो, कुणी कर्नाटकात बेळगावच्या बाजूला. पुढचे पाच-सहा महिने कोपीत काढायचे. तिकडे धनगर मंडळी घोड्यांवर ओझे लादून मेंढरांमागे निघतात. त्यांचा वाडा आज या शेतात, तर चार दिवसांनी त्या शेतात.

अशा मुक्कामाला विजेचा खांब कुठला? भल्या पहाटे अंधारात उठून भाकरी थापायच्या. पायाखाली काय आहे ते दिसत नाही, आणि उसाच्या रानात साप तर असतोच. मेंढरांना लांडग्याचे भय. गावी आजीजवळ ठेवलेल्या पोराशी दोन शब्द बोलावेत, तर फोन बंद पडलेला.

म्हणून आता पुष्कळ बिऱ्हाडांबरोबर सोलरची प्लेट दिसू लागली आहे. परदेशात हौसेने रानात तंबू ठोकणारे लोक, मोटारीमागे चाकांचे घर ओढत फिरणारे लोक अशाच लहान प्लेटा बाळगतात. त्यांची ती हौस, आपली ही गरज. प्लेट निवडायची रीत मात्र दोघांचीही एकच.

तोडणीवाल्याची प्लेट बहुतेक वेळा उचलीच्या पैशातून येते. उचल म्हणजे अंगावरचे कर्ज. ते कोयता चालवून फेडायचे असते. प्लेट फसवी निघाली, तर तेवढ्या पैशाच्या मोळ्या फुकट बांधल्या म्हणायच्या. तेव्हा दुकानात जाण्याआधी आपण घरीच हिशेब करू या.

प्लेट म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगतो. तिच्यात सिलिकॉन नावाच्या पदार्थाच्या पातळ चकत्या ओळीने जोडलेल्या असतात. ऊन पडले की प्रत्येक चकती सुमारे अर्धा व्होल्ट वीज देते. बारा व्होल्टची बॅटरी भरणाऱ्या प्लेटीत बहुधा अशा ३६ चकत्या असतात. या जातीची कामाची चकती अमेरिकेत १९५४ साली लोकांना प्रथम दाखवली गेली. तेव्हा पडलेल्या उन्हाच्या शंभर भागांतले जेमतेम सहा भाग विजेत उतरत. आता चांगल्या प्लेटीत वीस भाग, किंवा थोडे जास्तच उतरतात.

आता हिशेब. दिव्यावर वॉट लिहिलेले असतात. वॉटना तासांनी गुणले की वॉट-तास येतात. गावच्या वीजबिलात जे एक युनिट असते, ते एक हजार वॉट-तासांचे. आपल्याला एवढे लागत नाही.

एका कोपीचे उदाहरण घेऊ. आत ३ वॉटचा एक दिवा. तो संध्याकाळी चार तास आणि पहाटे दोन तास, म्हणजे सहा तास जळतो. तीन सक अठरा. बाहेर बैलांजवळ १ वॉटचा बारीक दिवा दहा तास, त्याचे १०. एक मोठा फोन रोज पुरता भरायचा, तर वाटेतली गळती धरून २५. साधा बटणांचा फोन, ५. सगळे मिळून झाले ५८ वॉट-तास.

प्लेट किती देईल? हिवाळ्यात आपल्याकडे आभाळ निरभ्र असते. तरी सकाळचे आणि सायंकाळचे ऊन कोवळे. दिवसभराचे ऊन मिळून पाच तासांच्या कडक उन्हाइतके धरावे. २० वॉटच्या प्लेटीचे पाच तासांत शंभर व्हायला हवेत. पण तसे होत नाहीत. प्लेट तापली की वीज कमी देते, धूळ बसते, तारेत आणि बॅटरीत थोडी मुरते. शंभरातले साठ-पासष्ट हाती लागले तर नशीब. म्हणजे २० वॉटच्या प्लेटीवर ही कोपी कशीबशी चालेल, आणि एक दिवस आभाळ आले की अंधार. आमचे मत असे की, पैसे जुळत असतील तर कोपीसाठी ४० वॉटची प्लेट घ्यावी. त्याहून मोठीच्या मागे लागू नये. गाडीत जागा थोडी असते, आणि फुटली तर नुकसानही मोठे.

आता दुकानात जाऊ. दुकानदार म्हणेल, "घ्या मामा, पन्नास वॉटची आहे, स्वस्तात देतो." त्याला म्हणावे, "थांब दादा, जरा मागची बाजू बघू दे." प्लेटीच्या पाठीवर एक पट्टी चिकटवलेली असते. अक्षरे इंग्रजी असतात, पण इंग्रजी अंकांची ओळख करून घेतली की काम भागते. त्या पट्टीवर वॉट, व्होल्ट आणि अँपियर असे तीन आकडे शोधावेत. व्होल्ट आणि अँपियर दोन-दोन ठिकाणी लिहिलेले असतात. त्यांतले लहान आकडे काम चालू असतानाचे, ते धरावेत. व्होल्टला अँपियरने गुणावे. १८ व्होल्ट आणि १.११ अँपियर असेल, तर गुणाकार २० च्या जवळ येतो. वॉटही २० च लिहिले असतील तर पट्टी जुळली. गुणाकार एक सांगतो आणि पुढे ठळक अक्षरांत दुसरेच छापले आहे, असे दिसले तर प्लेट खाली ठेवावी.

पट्टीही खोटी असू शकते. त्यावर उपाय म्हणजे दोरी, नाहीतर वीत. एक फूट लांब आणि एक फूट रुंद एवढ्या जागेत आजची चांगली प्लेट फार तर अठरा-वीस वॉट देते. लहान प्लेटीत कडेची पट्टी जागा खाते, म्हणून तिथे पंधराच धरावेत. दुकानदाराची पन्नास वॉटची प्लेट सव्वा फूट लांब आणि एक फूट रुंद भरली, तर ती पन्नासची होऊच शकत नाही. वीस-बावीसची असेल. सूर्य कुणाच्याही प्लेटीवर जास्तीचे ऊन टाकत नाही.

बनावट दोन तऱ्हांची मिळते. एक काचेची, ॲल्युमिनियमच्या चौकटीची. दुसरी कापडात शिवलेली, घडीची. काचेची जड असते, पण सांभाळली तर वीस वर्षे सहज टिकते. मात्र तिची काच तडकली की सगळ्या काचेवर जाळे पडते, मग पाणी आत शिरते. घडीची हलकी, फुटत नाही. पण रोज उघडझाक केल्याने घडीतल्या तारा तुटतात, आणि उन्हाने वरचे आवरण धुरकट होते. ती काही वर्षांचीच सोबतीण.

तोडणीवाल्याचा मुक्काम एका जागी बरेच दिवस असतो, म्हणून त्याला काचेची बरी. प्रवासात ती गोधडीत गुंडाळून, अंथरुणांच्या मधे उभी ठेवावी. तिच्यावर धान्याचे पोते टाकू नये. धनगराचे निराळे. त्याचा संसार घोड्याच्या पाठीवर. तिथे काच कशी टिकेल? त्याला घडीचीच सोयीची, मग ती थोडी महाग आणि कमी टिकाऊ का असेना.

सावलीची गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. झाडाच्या एका फांदीची सावली प्लेटीच्या कोपऱ्यावर पडली, तर कोपऱ्यापुरतीच वीज कमी होईल असे वाटते. तसे नाही. चकत्या एकीमागे एक जोडलेल्या असतात. अरुंद पाणंदीत पुढची गाडी अडली की मागच्या साऱ्या अडतात, तसे इथे होते. एक-दोन चकत्या झाकल्या की निम्मी, कधी सगळीच वीज अडते. वर वाळत घातलेले धोतरही चालत नाही. प्लेट मोकळ्यावर ठेवावी, तोंड दक्षिणेला आणि चांगली तिरकी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो म्हणून तसे. खालून वारा खेळू द्यावा. दिवसा सगळी फडात जातात, तेव्हा चोरीचे भय राहते. साखळीने खांबाला बांधून ठेवलेली बरी.

बॅटरी घेताना मात्र घाई नको. आम्लाची बॅटरी स्वस्त, पण जड, आणि तिच्यातली निम्मीच वीज वापरावी. पुरती रिकामी केली की ती लवकर मरते. १२ व्होल्ट, १२ अँपियर-तासांची बॅटरी म्हणजे १४४ वॉट-तास. आम्लाची असेल तर त्यातले ७२ आपले, म्हणजे आपल्या कोपीची एक रात्र. तेवढीच लिथियमची असेल तर दोन रात्री निघतात, आणि वजन निम्म्याहून कमी. किंमत जास्त पडते खरी. पण सारखे उचलून नेणाऱ्याला तीच परवडते, असे आम्हांला वाटते.

प्लेट आणि बॅटरी यांच्यामधे कंट्रोलर हवाच. बॅटरी भरली की तो वीज थांबवतो. लिथियमच्या बॅटरीला लिथियमचाच कंट्रोलर मागून घ्यावा. जोडताना आधी बॅटरी जोडावी, मग प्लेट. सोडताना आधी प्लेट सोडावी.

आणि आगीचे. बारा व्होल्टचा झटका माणसाला बसत नाही, म्हणून लोक गाफील राहतात. पण बॅटरीच्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर ठिणगी पडते, तार लालबुंद होते. आपली कोपी कशाची? पाचटाची, बांबूची, प्लास्टिकच्या कागदाची. आत लेकरू झोपलेले. म्हणून बॅटरीच्या अगदी जवळ, तारेत फ्यूज बसवून घ्यावा. त्याचे पैसे नगण्य असतात. दुकानदार आपण होऊन देत नाही, मागून घ्यावा लागतो. तारांची उघडी टोके पाचटात खुपसू नयेत. बॅटरी आणि फोन प्लेटीच्या शेजारी उन्हातही ठेवू नयेत. लांब तार घेऊन सावलीत ठेवावेत.

प्लेट आठवड्यातून एकदा-दोनदा सकाळी, ती गार असताना ओल्या फडक्याने पुसावी. राख किंवा माती लावून घासू नये.

पट्टा पडला, बिऱ्हाड गावी परतले, की बॅटरी कोपऱ्यात टाकून देऊ नये. आम्लाची बॅटरी पुरी भरून ठेवावी आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा भरावी. लिथियमची निम्म्याहून थोडी जास्त भरलेली, थंड जागी ठेवावी. प्लेट घराच्या पत्र्यावर लावली तर उन्हाळ्यातही फोन भरता येतो.

हिशेब करून पाहा

१. एका वाड्यावर १ वॉटचे दोन दिवे रात्री दहा तास जळतात. एक मोठा फोन रोज भरायचा आहे. किती वॉट-तास लागतील? १० वॉटची प्लेट पुरेल का?

२. प्लेटीच्या पुढे ठळक अक्षरांत २० वॉट छापले आहे. मागे १८ व्होल्ट आणि ०.५५ अँपियर लिहिले आहे. खरे वॉट किती?

३. तुमच्या घरच्या दिव्यांवरचे वॉट वाचा. फिरतीवर त्यांतले कोणते न्याल, ते लिहून काढा.