शांत झाला म्हणजे बरा झाला का?

काही वर्षांपूर्वी काटोलकडचे एक शेतकरी आपल्या तरुण मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. दीड महिन्यापूर्वी एका मनोरुग्णालयातून त्याला सुटी मिळाली होती. वडील म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, पोरगा शांत झाला, पण लाकडावानी झाला. गोळ्या बंद करू का?’’ अशक्तपणा असेल असे समजून मी टॉनिक लिहून दिले. ही माझी चूक होती. पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला, तेव्हा हात थरथरत होते, तोंडातून लाळ गळत होती. मग मी सुटीची चिठ्ठी नीट वाचली. एकाच जातीची दोन औषधे, दोन्ही भरपूर मात्रेत, आणि फेरतपासणीची तारीख कोठेच नाही. मी पत्र देऊन त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठविले. त्यांनी एक औषध हळूहळू काढले, दुसऱ्याची मात्रा कमी केली. महिन्याभरात मुलगा वडिलांबरोबर शेतावर जाऊ लागला.

वाचकहो, मनाच्या आजारावरील औषधे वाईट नाहीत. 1952 साली फ्रान्समध्ये क्लोरप्रोमॅझिनचा वापर सुरू झाला आणि कोठडीत आयुष्य काढणारे असंख्य रुग्ण घरी परतू शकले. आपल्या नागपूरचे मनोरुग्णालय 1864 सालचे, म्हणजे या औषधांच्या फार आधीचे. ‘पागलखाना चौक’ हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. पण औषध मिळणे आणि औषधोपचार चांगला असणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने देशातील 37 सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी करवून 1999 साली अहवाल प्रसिद्ध केला. त्यातही अपुऱ्या नोंदी आणि अपुऱ्या तपासण्या यांवर बोट ठेवले होते.

मग उपचाराचा दर्जा कसा ओळखावा? नातेवाइकांनी पुढील गोष्टी पाहाव्यात :

1. कागदावर आजाराचे निदान लिहिले आहे का?

2. एकाच जातीची दोन औषधे आहेत का? औषध बदलताना काही दिवस तशी द्यावी लागतात. पण कारण विचारावे.

3. दुष्परिणाम विचारले जातात का? अंग ताठरणे, हात कापणे, सतत झोप येणे, एका जागी बसवत नसणे, या तक्रारी डॉक्टरांना जरूर सांगाव्यात.

4. आवश्यक तपासण्या होतात का? लिथियम चालू असेल तर रक्तातील त्याचे प्रमाण, मूत्रपिंड व थायरॉईड. क्लोझापिन असेल तर पांढऱ्या पेशी, सुरुवातीचे 18 आठवडे दर आठवड्याला. ओलान्झापिन असेल तर वजन व साखर.

5. सुटी देताना औषध किती दिवस घ्यायचे, कोठे मिळेल व पुन्हा केव्हा दाखवायचे, हे लिहून दिले आहे का?

हे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला आणि त्याने नेमलेल्या प्रतिनिधीला उपचाराची व दुष्परिणामांची माहिती घेण्याचा हक्क दिला आहे. रुग्णाला आपले वैद्यकीय कागदही मागता येतात. हा कायदा 2018 पासून लागू आहे.

मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. दुष्परिणाम दिसला म्हणून औषध स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. आजार उलटतो आणि पुन्हा भरती करण्याची पाळी येते. सर्व चिठ्ठ्या एका पिशवीत जपून ठेवा व प्रत्येक भेटीला बरोबर न्या. तज्ज्ञ जवळ नसतील तर ‘टेलि-मानस’च्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतूनही सल्ला मिळतो.

रुग्ण आरडाओरडा करीत नाही, एवढ्यावर समाधान मानू नका. तो जेवतो का, घरच्यांशी बोलतो का, जमेल ते काम करतो का, हे पाहा. खरी सुधारणा तीच.